सारागोसाची शाळा

"...म्हणजे काढू की ठेवू? एवढं एकच सांगा, बुवा. बाकीचं मी बघतो."

निरंजन साळुंखेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

नारायणबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. शेंग उचलायची, दोन बोटांत दाबायची, दाणे परातीत, सालं टोपलीत. मठाच्या अंगणात डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. वर पठारावर पवनचक्क्या आपल्या नादात फिरत होत्या.

बुवा काही बोलले नाहीत.

हे पाटण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बुवांना काही विचारायला जायचं तर सोबत निवडायला तांदूळ न्यावेत, असं बायकाच एकमेकींना सांगत. उत्तर मिळे, हमखास मिळे, पण बुवांच्या सवडीने. एकाने म्हैस विकू का म्हणून विचारलं, तर उत्तर येईतो म्हैस व्याली होती म्हणे.

आजही कोपऱ्यात हौसाक्का सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न सकाळीच विचारून झाला होता.

निरंजनला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. तो याच गावचा. लहानपणी तीन उन्हाळे बुवांकडे गीतेचे अध्याय पाठ करायला आलेला. पण मधल्या काळात तो पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्समधला मोठा साहेब झाला होता. कंपनीने त्याला स्पेनला पाठवलं, तिथे सारागोसा नावाच्या शहरात त्याचं बिऱ्हाड होतं, आणि नाताळच्या सुट्टीतली त्याची भाड्याची गाडी फाटकाबाहेर उभी होती.

"आज संध्याकाळपर्यंत त्या शाळेला कळवायचंय, बुवा. जागा एकच आहे. नाही कळवलं तर गेली."

बुवांनी मान वर केली.

"पोरगं काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाही! तोच तर प्रश्न आहे."

मग निरंजनने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. धाकटा मल्हार पाच वर्षांचा. सप्टेंबरात त्याला घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं. सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. घरी मराठीत त्याचं तोंड क्षणभर बंद नसतं, आणि शाळेत चार महिन्यांत एक शब्द नाही. पाणी हवं तर बोट दाखवतो. शू लागली तर उठून उभा राहतो.

आता शहराबाहेरच्या इंग्रजी शाळेत जानेवारीपासून जागा निघाली होती. आंतरराष्ट्रीय शाळा. बसने पाऊण तास, पण इंग्रजी त्याला थोडंफार येतं. शिवाय पुढेमागे पुण्याला परत यायचं झालं तर अभ्यासाची अडचण नको.

"मी सगळा अभ्यास करून ठेवलाय," निरंजन म्हणाला आणि फोन पुढे धरला. पडद्यावर तक्ता होता. अकरा रकाने. अंतर, शिक्षक, जेवण, मैदान, निकाल... प्रत्येकाला गुण.

दुसऱ्याच्या पोराची पत्रिका बघावी, तसा बुवांनी तो तक्ता आदराने बघितला आणि फोन परत दिला.

"थोरलीला कुठं घातलं हुतंस?"

निरंजनने फोन खिशात ठेवला.

"तिला... तिलाही आधी तिथेच घातलं होतं."

"मग?"

"मग काढलं."

हौसाक्कांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला.

ईश्वरी तेव्हा सहा वर्षांची होती. हीच शाळा, आणि आता मल्हारला शिकवतात त्याच पिलारबाई. पाच महिने मुलीने शाळेत तोंड उघडलं नाही. मधल्या सुट्टीत निरंजन कधीमधी कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. मुली दोरीवरच्या उड्या मारत. दोघी दोरी फिरवत, बाकीच्या आळीपाळीने आत शिरत. आणि ईश्वरी त्यांच्या शेजारी उभी. सगळ्यांचे कोट हातावर घेऊन.

"माझी पोर त्या पोरींची खुंटी झाली होती, बुवा."

हे बोलताना त्याचा आवाज फाटला. त्याला तो आवडला नाही. तो खाकरला.

"त्या बाईंना मी विचारलं. त्या आपल्या हसतात आणि कानाला बोट लावून दाखवतात. ऐकतेय म्हणे ती, ऐकू द्या. किती दिवस ऐकणार? मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बाई, मी माझ्या मुलीला श्रवणभक्तीला पाठवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दाखला मागितला."

"देताना काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही. ईश्वरीच्या गालावरून हात फिरवला. दाखला दिला."

...

"इंग्रजी शाळेत उत्तम चाललंय तिचं," निरंजन म्हणाला. "निकाल बघाल तर थक्क व्हाल."

बुवांनी निकाल मागितला नाही. त्यांनी नवी शेंग उचलली.

माणूस गप्प बसलेला असला की समोरच्याला उगाच बोलत राहावंसं वाटतं. निरंजनलाही वाटलं. जे सांगायचं नव्हतं ते तो सांगू लागला.

"गेल्या महिन्यात आम्ही बाजारात गेलो होतो. तिथला फळवाला मोठा बोलघेवडा आहे. त्याने काहीतरी लांबलचक किस्सा सांगितला. मी आणि बायको दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जातोय. आम्ही आपले अंदाजाने हसलो, आणि चुकीच्या ठिकाणी हसलो. ईश्वरी बरोबर ठिकाणी हसली. खो खो हसली. तो माणूस खूश. मग आम्ही तिच्याकडे बघतोय म्हटल्यावर ती गप्प झाली."

"हं."

"मी विचारलं, तुला कळलं? तर म्हणाली, कळतं की, बाबा. मला तेव्हापण कळायचं."

बुवांनी दाणे परातीत टाकले.

"तेव्हापण म्हणजे त्या शाळेत असताना, बुवा. सगळं कळायचं तिला. म्हटलं, अगं मग बोल ना आता! तर म्हणते, कुणाशी बोलू?"

आणि तेही खरंच होतं. गल्लीतल्या तिच्या वयाच्या झाडून सगळ्या मुली त्या सरकारी शाळेतल्या. संध्याकाळी त्या खालच्या चौकात जमतात. ईश्वरी गॅलरीत उभी राहून बघते. कुणी वर बघून हात केला की आत येते आणि दार लावून घेते. नऊ वर्षांच्या मुलीने दार कसं अलगद लावावं, आवाज न करता, हे निरंजन दर वेळी बघे. तो लॅपटॉप उघडून बसे.

"पण बुवा..." त्याने आवाज चढवला. "ती बोललीच नसती. पाच महिने म्हणजे काय थोडे होतात? माझ्या जागी कुणीही बाप असता तरी त्याने हेच केलं असतं. केलं असतं की नाही? सांगा तुम्ही."

मल्हारचा प्रश्न हे वरचं वेष्टन होतं. सातासमुद्रापलीकडून तो विचारायला आला होता तो प्रश्न हा. विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच ते कळलं, आणि त्याला बुवांचा रागच आला.

बुवांचे हात थांबले.

अर्धी दाबलेली शेंग बोटांत तशीच राहिली. बुवा त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, कौतुकाने नाही. आपल्याच नातवाकडे बघावं तसे.

...

हौसाक्कांनीही सूप खाली ठेवलं. बुवांचे हात थांबले म्हणजे काय, हे त्या चाळीस वर्षं बघत होत्या.

निरंजन बघत नव्हता. तो घड्याळ बघत होता.

...

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुण्याला पोचायचं, बायकोच्या माहेरी जेवण, त्याआधी शाळेला पत्र. निरंजनने आणखी थोडा वेळ काढला. त्याच्या हिशेबाने बराच काढला.

"असू दे," तो शेवटी म्हणाला. "कळलं मला. यावर तुमच्यापाशीही उत्तर नाही. माझीच चूक, उगाच तुम्हाला त्रास दिला."

त्याने वाकून पायांवर डोकं ठेवलं. लहानपणची सवय, ती सुटत नाही. मग तो उठला आणि फाटकाकडे चालू लागला.

"आरं, वाईच दम धर की!" हौसाक्का मागून ओरडल्या. "मी दिस उगवल्यापासनं बसलीया, मला काय घरदार न्हाई व्हय?"

"गाडी थांबलीये, आक्का."

फाटकापाशी त्याने फोन काढला. पत्र कालच लिहून ठेवलं होतं. जागा आम्ही घेत आहोत, मल्हारला जानेवारीपासून पाठवतो. फक्त अंगठा टेकवायचा होता.

त्याने सहज मागे वळून बघितलं.

बुवांचं तोंड किंचित उघडलेलं होतं. हात वर आलेला, बोलण्याआधी येतो तसा. निरंजन बघतोय असं दिसताच बुवांनी हात हळूच खाली घेतला आणि तोंड मिटलं.

निरंजन अंगण तुडवत परत आला. चपला काढायचंही त्याला भान राहिलं नाही. फोन हातात तसाच उजळलेला होता.

"बुवा... तुम्ही काही सांगत होतात?"

बुवांनी सुस्कारा सोडला.

"मग मघाशीच का नाही बोललात? मी समोर बसलो होतो की इतका वेळ!"

नारायणबुवांनी अर्धी राहिलेली शेंग दाबली. दाणे परातीत पडले.

"ओठांशी आलं हुतं, बाळा. तेवढ्यात तू उठलास."