उंडीवाडीतले बार्बाजेलाता

उंडीवाडीच्या समुद्रकाठच्या पुळणीवर उभं राहून कुणीही मोठ्यानं "बार्बाजेलाता!" अशी हाक मारून बघावी. जाळं विणणारा म्हातारा मान वर करतो, रापण ओढणारे गडी मागं वळतात, शाळेतून येणारी पोरं "काय ओ?" म्हणून विचारतात, आणि एखादं रांगतं मूलसुद्धा हातातली माती टाकून बघायला लागतं. कुबल, टिकम, धुरी, सारंग ही त्यांची आडनावं जागच्या जागी आहेत. पण वाडीत मुलगा जन्मला की बारशाला त्याच्या कानात आधी हे इटलीच्या माणसाचं आडनाव सांगतात आणि मग त्याचं स्वतःचं नाव. पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी थट्टा केली आणि ती अंगाला चिकटली. थट्टा नव्हती. एका बाईच्या पोराच्या जिवावर बेतलेला प्रसंग होता.

तिचं नाव मथुरा. सारंगांच्या बाबलची बायको. गोष्ट फार जुनी आहे. इतकी, की तेव्हा म्हणे पुळणीवरचे माड आजच्या निम्मे होते आणि मासे आजच्या दुप्पट. मथुरेच्या लग्नाआधी तिचा सासरा सोमा सारंग मिठाचं गलबत घेऊन येत असताना वादळात सापडला. पुढं खडकांची माळ, मागं डोंगराएवढ्या लाटा. सोमानं सुकाणूवरचा हात सोडला आणि दर्याला हात जोडून म्हणाला, "गलबत राख. सारंगांच्या घरात आता जो पोरगो जन्मात, तो तुझो." बोलला, आणि गलबत खडकांच्या मधून सुईतून दोरा जावा तसं बाहेर पडलं. मिठाची एक गोणसुद्धा भिजली नाही, असं सांगतात. आता वादळातल्या गलबतावरची गोण कशी भिजली नसेल, हे सोमालाच ठाऊक.

पण घरी आल्यावर माणूस वेगळा होतो. सोमानं बाबलचं लग्न करून दिलं, आणि मथुरेला पहिला मुलगा झाला तेव्हा त्यानं दर्याला वाजतगाजत नारळ दिला, कोंबडा दिला, आणि हात झटकून घरी आला. दर्याला कोंबडा चालतो. कबूल केलेला असेल तर. दात यायच्या आधीच मुलगा गेला. पाठचाही तसाच गेला. त्या धसक्यानं सोमाही गेला. मरताना त्यानं सुनेला जवळ बोलावून नवस सांगितला, आणि तिनं काही बोलायच्या आत डोळे मिटले.

पुढं मथुरेला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती कौल लावायला घाड्याकडं गेली. घाडी म्हणजे देव आणि माणूस यांच्यामधला गावचा बोलणारा. त्यानं तांदूळ मांडले, बराच वेळ बघितले आणि म्हणाला, "दर्या घर बघीत नाय गे, आडनाव बघता. पोर दुसऱ्याच्या नावात घाल."

तशी चाल होतीच. ज्यांची मुलं जगत नसत, ते मूल दुसऱ्याच्या ओटीत घालत आणि त्यांच्या नावानं वाढवत. मथुरेला मुलगा झाला. अंग सावरलं तशी ती तान्ह्याला पदराखाली घेऊन दारोदार फिरली. टिकमांनी तिला पाणी दिलं, गूळ दिला, नाव दिलं नाही. धुऱ्यांनी दारच लोटून घेतलं. कुबलांची म्हातारी जनाबाई तोंडानं फटकळ, ती ओटीवर बसून होती, तिथूनच म्हणाली, "आमचा नाव घेव्न दर्या आमच्या दारात इलो तर? तुझो झील जगतलो, आनि माझो नातू?"

"जनाकाकी, माझो हो तिसरो."

"म्हायत आसा गे माका. तुझ्या दोनांक माती दितानाय मी होतंय. पण नाव नाय देवूचंय."

मथुरेला तिचा राग आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे तिला कळत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. नावाबरोबर देणंही जातं. ज्याचं नाव घ्यावं त्याच्या दारात दर्या उभा राहणार. आपल्या वाडीत असं नाव कुणाचं घ्यायचं? नाव असं हवं, की ज्याचं दार आपल्याला कधी दिसणार नाही.

हा विचार तिच्या मनात आला तेव्हा समोर पुळणीवर लाझारो होड्यांच्या फटी बुजवत होता.

लाझारो कुठल्याशा फुटलेल्या जहाजाच्या फळीवर तरंगत उंडीवाडीला लागला होता. फळ्यांमधल्या फटींत काथ्या ठोसून वर राळ आणि उंडीचं तेल लावावं ते त्यानंच; त्यानं बुजवलेली होडी पाणी पीत नसे. वाडीनं त्याला एक झोपडी आणि दोन वेळची पेज दिली होती. दाढी तांबडी, बोलणं मोडकंतोडकं, आणि स्वभाव लहान मुलासारखा. सगळे त्याला फिरंगी म्हणत, आणि त्याला ते मुळीच खपत नसे. गोव्याच्या पोर्तुगीजांत आपल्याला ढकलतात याचा त्याला भारी राग. हातातली काथ्या ठोकायची मोगरी आपटून तो ओरडायचा, "फिरंगी नाय! पोर्तुगेज नाय! बार्बाजेलाता! इतालिया!" पोरांना एवढंच हवं असे. दिवसातून कितीदा तरी ती लांबून "फिरंग्या!" करून पळायची, आणि तो कितीदा तरी ओरडायचा. त्यामुळं ते आडनाव अख्ख्या वाडीला पाठ होतं, पण कुणी त्याचा कधी विचार केला नव्हता.

मथुरा त्याच्यासमोर जाऊन बसली. "लाझारो, माझ्या झिलाक तुझा आडनाव दी."

त्याला आधी समजेना. समजलं तेव्हा तो हसला, मग मोगरी खाली ठेवून रडायलाच लागला. परमुलखात कुणी आपलं नाव मागतंय, म्हणजे आपण इथले कुणीतरी झालो, असं त्याला वाटलं. का मागतेस, हे त्यानं विचारलं नाही. मथुरेनं सांगितलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

बारशाला तो अंगातला मळका सदरा खडकावर आपटून धुऊन, ओलाच घालून आला. बाबलच्या बहिणीला त्यानं आडनाव घोळून घोळून शिकवलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या; एवढं मोठं आडनाव एवढ्याशा कानात मावणार कसं, म्हणून. आत्यानं पाळण्यात वाकून आधी ते सांगितलं, मग मुलाचं नाव. भिवा. भिवा बार्बाजेलाता. लाझारो पानावर बसला, तांदळाची खीर दोनदा मागून घेतली आणि तृप्त होऊन म्हणाला, "घरी एक बार्बाजेलाता. माझो झील, निकोलो. मी निघालंय तेव्हा दात नाय त्याका. आता दोन झाले!"

सगळे हसले. मथुरेच्या हातातली पाळण्याची दोरी तिथंच थांबली.

भिवाला दात आले. एक आला, दुसरा आला, आणि सारंगांच्या घरात कितीतरी वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाबल तर दात दाखवायला मुलाला घेऊन वाडीभर फिरला. मथुरा हसायची, आणि हसता हसता दर्याकडं बघायची. दर्या एकच आहे. इथं पाय धुवावेत ते पाणी तिकडंही लागतच असणार. सारंगांचं देणं बार्बाजेलातांच्या नावावर गेलं, आणि त्या दारात एक पोर होतं, लाझारोनं शेवटचं पाहिलं तेव्हा बिनदाताचं. ती बाबलला म्हणाली, "लाझारोक सांगूक व्हया."

"सांगान काय करतलंस? तो नाव परत मागतलो. मगे?"

मथुरा रोज लाझारोच्या झोपडीपर्यंत जायची आणि दारातूनच परत फिरायची. असे बरेच दिवस गेले.

मग निरोप आला, की वेंगुर्ल्याच्या बंदरात वलंदेजांचं, म्हणजे डचांचं, जहाज लागलंय आणि त्यांना फटी बुजवणारा माणूस हवाय. ते जहाज लाझारोच्या मुलखाच्या वाटेनं जाणार होतं. लाझारो नाचत नाचत मथुरेच्या अंगणात आला. निकोलोसाठी त्यानं उंडीच्या लाकडाची एक होडी कोरली होती. "कशी?" त्यानं विचारलं. "त्याका आवडतली?"

मथुरेनं होडी हातात घेतली नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. सासऱ्याचा नवस, दोन मुलं, घाड्याचे तांदूळ, जनाबाईनं काय म्हटलं ते.

लाझारोनं होडी जमिनीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुका म्हायत होता?"

"होय."

"बारशाक?"

"तुझो झील आसा ता म्हायत नव्हता. बाकी सगळा म्हायत होता."

तो वळला आणि पुळणीकडं चालायला लागला. तिथं दर्याकडं तोंड करून तो आपल्या भाषेत काहीतरी ओरडत राहिला. वाडी गोळा झाली. बाबल धावत आला आणि त्याच्यासमोर ठाकला. "नाव परत घेतलंस तर बघ! हयच पुरतलंय तुका!" लाझारोनं त्याला एका हातानं बाजूला केलं. चार माणसं मध्ये पडली म्हणून, नाहीतर पुळणीवर रक्त सांडायचं.

तेवढ्यात मथुरा भिवाला काखेत घेऊन आली. ती बाबलच्या बाजूला थांबली नाही आणि वाडीच्याही नाही. सरळ लाझारोपाशी गेली आणि मुलगा त्याच्यापुढं धरून म्हणाली, "घे तुझा नाव परत. माझो झील माझ्या नावान जावंदे. तुझो कित्याक?"

भरती चढत होती. पाणी मथुरेच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. लाझारोनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. नाव परत घेणं म्हणजे काय घेणं, हे त्या हाताला कळत होतं, असं सांगतात. भिवा त्याची तांबडी दाढी बघून हसला. त्याचे नवे दात दिसले.

तेव्हा गर्दीतून जनाबाई पुढं आली. म्हातारीनं आपल्या नातवाचं बखोट धरलं होतं आणि तो ओरडत होता. तिनं त्याला फरपटत पाण्यात आणून उभं केलं.

"काकी, ह्या काय?" मथुरा म्हणाली.

"तू गप रव." मग ती लाझारोकडं वळली. "ह्याच्या कानात सांग तुझा ता नाव. दर्याक एक बार्बा सापडलो तर तो नेतलो. धा उभे रवले तर खंयचो नेतलो?"

मग टिकमांची सून मुलगा घेऊन पाण्यात उतरली. मग धुऱ्यांच्या घरचे, ज्यांनी दार लोटलं होतं, तेही. ज्याला त्याला भीती वाटत होती आणि ज्याला त्याला लाजही वाटत होती. एवढी वर्षं दर्या एका घरात शिरत होता, आणि बाकीची घरं कडी लावून आत बसली होती. लाझारो एकेका पोराच्या कानाशी वाकून आपलं आडनाव सांगत गेला. शेवटी त्याचा घसा बसला, आणि तो नुसते ओठ हलवत होता.

आणि म्हणे पाणी थांबलं. भरती चढेना आणि उतरेना. मुलांच्या कमरेपाशी येऊन दर्या तसाच उभा राहिला, मोजताना आकडा चुकल्यावर माणूस उभा राहतो तसा. एक लाट नाही, फेस नाही. दिवेलागण होईपर्यंत असाच. मग तो मुकाट्यानं मागं सरला. त्या साली उंडीवाडीत एकही पोर गेलं नाही. जुनी माणसं शपथेवर सांगतात, की त्या दिवशी पाण्यातले मासेसुद्धा जागच्या जागी थांबले होते आणि टोपल्या भरून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. एवढं मात्र कोळ्याच्या पोरानं कधी खरं मानू नये.

दुसऱ्या दिवशी लाझारो वेंगुर्ल्याला गेला. जाताना तो मथुरेशी बोलला नाही. भिवाच्या डोक्यावरून मात्र त्यानं हात फिरवला.

भिवा मोठा झाला, होडीचं सुकाणू धरणारा तांडेल झाला, त्याला नातवंडं झाली. वाडी म्हणायची, दर्या फसला. मथुरा कधी तसं म्हणाली नाही. इथल्या पोरांत तो गोंधळला असेल. पण तिकडं, दूरच्या त्या घरात, बार्बाजेलाता एकटाच होता. कुठलंही गलबत लागलं की ती खलाशांना गाठून विचारायची, इतालियात निकोलो म्हणून कुणी भेटलो? खलाशी हसायचे. कुणी दयेनं "होय आये, भेटलो" म्हणालाच, तर ती त्याच्या तोंडाकडं बघायची आणि परतायची. ती गेली तेव्हाही उत्तर आलेलं नव्हतं.

आजही उंडीवाडीत बारशाला कानात नाव सांगून झालं की पाळणा लगेच हलवत नाहीत. घरातली सर्वांत म्हातारी बाई अंगणात येते, दर्याकडं तोंड करते आणि विचारते, "बार्बाजेलातानूं, तुमचो झील बरो आसा मा?" मग सगळे उत्तराची वाट बघतात. मूल रडलं तरी कुणी उचलत नाही. एक लाट येते, फुटते, मागं जाते. मग आई स्वतः दोरी हातात घेते.