हेदखोलची न जोडलेली बंदूक

फार फार मागची गोष्ट. तेव्हा हेदखोलला रस्ता नव्हता आणि डुकरांना भीती नव्हती. ही झिलू मेस्त्र्याची गोष्ट आहे. आमच्या गावाला ती सांगायला आवडत नाही, तरी दरवर्षी सांगावी लागते. तेव्हा नीट बसा आणि मध्ये हसू नका. हसण्यासारखं पुढं फारसं नाही.

झिलू मेस्त्री गुरांच्या घंटा करायचा. लाकडाच्या, आत लाकडाचीच टिपरी लोंबणाऱ्या. असं म्हणतात, त्यानं केलेल्या दोन घंटा कधी सारख्या वाजल्या नाहीत. संध्याकाळी गुरं रानातून उतरू लागली की बाया चुलीपुढं बसल्या बसल्या सांगायच्या, आपली तांबडी आली, शेजाऱ्यांचा पाडा अजून मागंच आहे.

गावची गुरं राखायची सगुणा. ती जन्मापासून बहिरी आणि मुकी. रानात तिला हाक मारून उपयोग नाही, आणि तिला कुणाला हाक मारता येत नाही. म्हणून झिलूनं एक छोटी घंटा करून तिच्या गळ्यात बांधली होती, म्हणजे ती कुठं आहे ते माणसांना कळावं. तिला स्वतःला ती कधीच ऐकू आली नाही. पण चालताना ती छातीवर हात ठेवायची, घंटेचा थरथराट हाताला लागला की खूश व्हायची. गुरं राखल्याबद्दल घराघरातून तिला भात मिळायचा, त्यावर तिचं चालायचं.

एकदा गावचे प्रमुख तातू गावकर आपली ठासणीची बंदूक घेऊन झिलूकडे आले. बंदुकीचा दस्ता फुटला होता. लाकडाचं काम म्हणजे मेस्त्र्याचं काम. झिलूनं ती बंदूक खोलली, आणि झालं, त्याला वेडच लागलं. हा तुकडा त्या तुकड्यात कसा बसतो, चाप ओढला की घोडा कसा पडतो, हे बघत तो जेवण विसरला. दस्ता करून दिला, बंदूक परत गेली, पण वेड घरातच राहिलं. आपली स्वतःची एक बंदूक आपल्या हातानं जोडायची, असं त्याच्या मनानं घेतलं.

मारायची हौस त्याला नव्हती हो. हे लक्षात ठेवा. त्याला फक्त जोडायचं होतं. जत्रेत कुठं जुनी नळी दिसली की आण, लोहाराच्या भात्यापाशी दिवसभर बसून घोडा घडवून घे, शिवणीचं लाकूड निवडून त्याचा दस्ता कर. असं कित्येक वर्षं चाललं. गाव चेष्टा करायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतको वेळ बघलंस काय?" तो गालात हसायचा आणि पुन्हा कानस घासायला लागायचा. शेवटी बंदूक जुळली. असं म्हणतात, डोळे बांधून तो ती खोलायचा आणि जोडायचा, आणि शेवटचा तुकडा बसताना जो खट् आवाज व्हायचा, तो ऐकायला वाटसरू अंगणात थांबायचे.

आता आमची पारध. शिमग्याच्या सुमाराला सगळा गाव मिळून डुकराच्या शिकारीला जायचा. गुरं त्या दिवशी पलीकडच्या डोंगरावर, आणि घंटा मुक्या. म्हणजे आदल्या संध्याकाळी घंटांत पेंढा कोंबायचा, आवाजानं जनावर बुजू नये म्हणून. हे काम झिलूचंच, घरोघर जाऊन करायचा. पण एक नियम होता, आणि तो लहान पोरालाही ठाऊक होता. गुराची घंटा मुकी करायची, माणसाची नाही. सगुणेच्या घंटेला हात लावायचा नाही.

त्या वर्षी तातू गावकरांनी झिलूची बंदूक हातात घेतली, वर केली, खाली केली आणि म्हणाले, "मेस्त्र्या, ह्या वर्षी पयलो बार तुझो." पहिला बार म्हणजे मोठा मान. तो आजवर गावकरांच्या घरातून बाहेर गेला नव्हता. झिलू हुरळला. पाय जमिनीवर राहीनात. ज्याला फक्त जोडायचं होतं, त्याला आता नेम साधून दाखवायचा होता.

संध्याकाळी तो पेंढा घेऊन निघाला आणि सगळे गोठे करून शेवटी सगुणेच्या खोपीपाशी आला. काय त्याच्या मनात आलं, तेच त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं ओझं झालं. हिची घंटा वाजली आणि माझ्या पहिल्या बाराच्या वेळी डुक्कर बुजलं तर? एका दिवसाचा तर प्रश्न. त्यानं तिच्या गळ्यातली घंटा धरली आणि आत पेंढा ठासला. तिनं हातानं विचारलं, हे कशाला? त्यानं हवेत बंदूक जोडून दाखवली, खांद्याला लावली, उडवून दाखवली. मोठ्या ऐटीत. सगुणेनं बंदूक कधी जवळून बघितलेली नव्हती. मेस्त्री आज खेळात आला आहे असं तिला वाटलं आणि ती हसली. तोही हसला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सगुणा गुरं घेऊन पलीकडच्या डोंगरावर गेली. तिथून एक वासरू सुटलं आणि खिंडीतून अलीकडं आलं. ती त्याच्या मागं आली. इकडं हाकारे ओरडत होते, ढोल वाजत होते, तिला त्यातलं काहीच ऐकू येणार नव्हतं. करवंदीची जाळी हलली. झिलूनं कान दिला. घंटा नाही, म्हणजे माणूस नाही; ती आपणच मुकी केली, हे त्या घटकेला तो विसरला. त्यानं बार काढला.

आणि घंटा वाजली. असं म्हणतात, पेंढ्यानं भरलेली ती घंटा अशी वाजली की खाडीपलीकडच्या गावात गुरांनी माना वर केल्या. हाकारे जागच्या जागी थांबले. झिलूला ती घंटा ओळखायला वेळ लागला नाही, त्याची स्वतःचीच होती.

गोळी घंटेचा एक काठ उडवून सगुणेच्या डाव्या हातात शिरली. सगुणा वाचली, पण तो हात कायमचा लोंबता झाला.

लोक जमले. घंटेत पेंढा दिसला. सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की गुरांचं बघून हिनं आपल्या हातानं कोंबला. तातू गावकर म्हणाले, "घंटा बंद करून ही हय कित्याक इली?" झिलू तिथंच उभा होता. दोन शब्दांचं काम होतं. त्याच्या तोंडातून ते निघाले नाहीत.

मग मांडावर, म्हणजे गाव देवापुढं जमतो त्या जागी, देवाला गाऱ्हाणं घातलं. तुम्हाला ठाऊकच आहे, गावकर एकेक वाक्य म्हणतो आणि सगळा गाव व्हय म्हाराजा म्हणतो. तातू म्हणाले, "ह्या बायेन आपल्या हातान आपली घंटा बंद केली, त्येचो दोष शिकाऱ्याक लागू नये, बा देवा म्हाराजा." गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. त्यात झिलूचाही आवाज होता.

मग गावानं ठरवलं की अशा बाईच्या हाती गुरं द्यायची नाहीत. गुरं गेली म्हणजे भात गेला. घाटावर तिच्या बहिणीचा मुलगा होता, तिनं तिकडं जावं. हात थोडा भरून आला की निघायचं, असं ठरलं.

झिलूला कुणी काही बोललं नाही. उलट त्याची समजूत काढली, तुझा काय दोष, असं म्हणाले. शिकारीतलं डुक्कर नंतर कुणी दुसऱ्यानंच मारलं, पण मानाचा वाटा झिलूच्याच पानात पडला. जेवताना एकजण म्हणाला, "पण नेम बघा मेस्त्र्याचो. जाळीतसून, तोय बरोबर." हे ऐकून झिलूला क्षणभर बरं वाटलं. बरं वाटलं, हो. पुढं म्हातारपणी तो सांगायचा की बार काढल्याचं दुःख एका जागी, खोटं बोलल्याचं दुसऱ्या जागी, पण त्या घासाला बरं वाटलं त्याची लाज कुठंच मावली नाही. तो पान तसंच टाकून उठला.

त्या दिवसापासून त्याच्या घंटा वाजेनात. असं म्हणतात, लाकूड तेच, हत्यार तेच, टिपरी तशीच, पण हलवली की आवाज नाही. नवीनच नाही, गुरांच्या गळ्यातल्या जुन्यांचाही आवाज बसला. संध्याकाळी गुरं मुकाट उतरायची आणि बाया दारात येऊन वाट बघायच्या. झिलू कुणाच्या डोळ्यांकडे बघेनासा झाला.

निघायच्या दिवशी सगुणा त्याच्या अंगणात आली. काठ उडालेली घंटा तिनं त्याच्यापुढं ठेवली. दुरुस्त करून दे, नवीन गावात लागेल, असा तिचा इशारा. पेंढा अजून आतच होता. झिलू तो बोटांनी उकरून काढू लागला, ज्या बोटांनी कोंबला होता त्याच. सगुणा त्या बोटांकडे बघत राहिली. बार कुणी काढला ते तिला तोवर माहीत नव्हतं. मग तिनं उजवा हात वर केला. हवेत बंदूक जोडली, एकेक तुकडा, त्यानं दाखवली होती तशीच. खांद्याला लावली. मग आपल्या लोंबत्या हाताला बोट लावलं, ते बोट झिलूकडे वळवलं आणि भुवया उंचावून थांबली.

तिच्याशी खोटं बोलणं फार सोपं होतं. नुसती मान हलवायची होती, नाही म्हणून. झिलूनं मान हलवली, पण हो म्हणून.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. ती खाली बसली आणि तिनं आपलं तोंड पदरात घेतलं, जसं काही लाज तिलाच वाटली.

झिलूनं आत जाऊन बंदूक काढली, सगुणेला खुणेनं बरोबर घेतलं आणि भर दुपारी मांडावर जाऊन उभा राहिला. माणसं आली, तातू आले. झिलू म्हणाला, "घंटेत ह्यो पेंढो मीच भरलंय. तिची काय चूक नाय. मी देवासमोर व्हय म्हणलंय, तां खोटा."  व्हय तर सगळ्यांनीच म्हटलं होतं, आणि तिला विचारलं कुणीच नव्हतं. तातूंनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

मग झिलूनं बंदूक खोलली. जोडायला इतकी वर्षं गेली, खोलायला विडा लावण्याइतका वेळ. तुकडे त्यानं एकेका घराला वाटले आणि सांगितलं की हे एका छपराखाली येऊ देऊ नका. दस्ता तातूंनी घेतला. घोडा सगुणेनं घेतला. बंदुकीचा जो तुकडा पडतो आणि बार होतो, तो घोडा. तिनं तो फुटक्या घंटेत टिपरीच्या जागी धरून दाखवला, आणि झिलूनं तिथल्या तिथं बांधून दिला. तिनं घंटा हलवली. असं म्हणतात, त्याच वेळी पलीकडच्या डोंगरावर चरणाऱ्या सगळ्या गुरांच्या घंटा एकदम वाजू लागल्या.

गुरं सगुणेला परत मिळाली. झिलू तिच्याबरोबर रानात जाऊ लागला, तिचा डावा हात म्हणून. ती वाट दाखवायची, तो फांद्या तोडायचा, वासरं उचलायचा. गाईच्या पाठीपेक्षा वर त्यानं पुन्हा कधी नजर नेली नाही. आधी सगुणा गेली, मग तो. असं म्हणतात, त्याला कुणी मरताना बघितलं नाही. घंटांच्या आवाजामागं तो जो रानात शिरला, तो अजून चालतोच आहे.

आमच्याकडं आता पारध होत नाही. त्या दिवशी घंटांत पेंढा कोंबत नाहीत, उलट आतली धूळ काढतात. बंदुकीचे तुकडे ज्या त्या घरातून मांडावर येतात आणि चादरीवर ठेवतात, मध्ये हातभर जागा सोडून. आणि गाऱ्हाण्यात एक वाक्य आहे, दुसऱ्या कुठल्या गावात ते नाही: "झिलू मेस्त्र्याच्या नावान, ज्येच्या मनात खोटा व्हय असात, तेणा आता बोलूचा." ह्या वाक्याला व्हय म्हाराजा म्हणत नाहीत. सगळे गप्प राहतात. कुणीतरी उठेपर्यंत गप्पच राहायचं असतं, ऊन कितीही चढो.

दरवर्षी कुणीतरी उठतो. बांध सरकवलेला, भावाबद्दल खोटं सांगितलेला, कुणी काही. तो बोलून झाला की सगुणेची घंटा त्याच्या हातात देतात. घंटा त्यानं स्वतः वाजवायची, आणि मग गाव व्हय म्हणतो.

गेल्या वर्षी कुणी उठेना. सावल्या पायाखाली आल्या. आणि मग आमचे आताचे गावकर, गाऱ्हाणं घालणारे, त्यांनीच आपल्या मनातलं खोटं सांगितलं, हात पुढं केला आणि घंटा मागितली.