बटणाला जोडलेला दिवा

एकदा एका स्टार्चच्या कारखान्यात एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मक्याचा लगदा ज्या मोठ्या टाक्यांत वाफेवर शिजे, त्या टाक्यांचे व्हॉल्व्ह सांभाळणे हे त्यांचे काम. त्यांचा एक शिष्य होता. तो टाक्यांपासून दूर एका खोलीत बसून बटणे दाबी. बटण दाबले की लांबच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह आपोआप फिरू लागे. तो पुरता मिटला, की त्याच्यावरची एक कळ दाबली जाई आणि खोलीत हिरवा दिवा लागे.

त्या कळीवर स्टार्चची भुकटी साचे. मग व्हॉल्व्ह मिटूनही दिवा लागत नसे आणि सगळे काम अडून बसे. एक दिवस मालक वैतागले. शिष्याला म्हणाले, “दिव्याची तार त्या कळीवरून काढ आणि सरळ बटणाला जोड. बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे.”

शिष्याने तार बदलली. वस्तादांना सांगायला मात्र त्याची जीभ रेटली नाही.

पुढे एका टाकीची सफाई निघाली. रात्री विझवलेला बॉयलर सकाळी पुन्हा पेटवला होता. इतर टाक्यांना दुपारपर्यंत वाफ हवी होती. या टाकीचा वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सुदामा नावाच्या कामगाराने आत उतरून भिंती खरवडायच्या, असे ठरले. वस्ताद खोलीत उभे होते. शिष्याने बटण दाबले. हिरवा दिवा लागला.

वस्तादांनी दिव्याकडे पाहिले, शिष्याकडे पाहिले. ते बाहेर गेले, टाकीच्या तोंडावर झाकण ओढले, त्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनी भाकरीची पुरचुंडी सोडली.

डोक्याला फडके बांधून सुदामा आला. “अहो वस्ताद, दारातच पंगत मांडली होय? आम्ही जायचं कुठून?”

“बस की. चटणी घे.”

आवाज ऐकून मालक आले. “वस्ताद, हिरवा दिवा लागलाय. दिसला नाही का?”

“दिसला ना. लख्ख दिसला.”

“मग उठा. वाफ चढायला लागलीय. खोळंबा नको.”

“भरल्या ताटावरून उठू नये, मालक.”

“आत्ता उठला नाहीत तर उद्यापासून येऊ नका!”

“उद्याचं उद्या बघू,” वस्ताद घास मोडत म्हणाले. “आज इथंच बसलोय.”

कामगार जमले. कोणी हसले, कोणी म्हातारा हट्टाला पेटला म्हणाले. शिष्यालाही लाज वाटली. वस्तादांनी त्याला हाक मारली.

“लेका, बटणावर बोट तुझं होतं. मी उठू का? तू ऊठ म्हणालास तर उठतो.”

“सांग त्यांना,” मालक म्हणाले. “व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून सांग.”

शिष्याने सुदामाकडे पाहिले. सुदामा चटणी लागलेले बोट चाटत हसत होता.

“नाही सांगणार,” तो म्हणाला.

“काय?”

“नाही सांगणार, मालक. व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा, मला ठाऊक नाही. दिवा बटणाला जोडलाय. तुम्ही सांगितलंत, मी जोडला. तो फक्त मी बटण दाबलं एवढंच सांगतो. मला काढायचं तर काढा. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आज इथं कोणी आत उतरणार नाही.”

शिष्य स्वतः शिडीवर चढला. व्हॉल्व्ह किती मिटला ते दाखवणारा माथ्यावरचा काटा अर्ध्यावर थबकला होता. वाळलेल्या स्टार्चचा गोळा मध्ये अडकला होता. त्याने वरूनच ओरडून सांगितले आणि मालकांचा चेहरा उतरला. बॉयलरवरचा माणूस थांबवायला ते स्वतः धावले.

संध्याकाळी शिष्य वस्तादांच्या पायाशी बसला. “तुम्हाला कसं कळलं?”

“व्हॉल्व्ह लोखंडाचा आहे, बाळा. त्याला फिरायला वेळ लागतो. तेवढा वेळ दिवा विझलेला राहतो. आज तुझं बोट टेकतं न टेकतं तोच दिवा लागला. इतक्या लवकर हो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“सुदामाला अडवायला मी बसलोच होतो. पण त्या व्हॉल्व्हला जीभ नाही. त्याची जीभ ती तार होती आणि ती तू काढून घेतलीस. ती तुझ्याच तोंडून परत यायला हवी होती. मी आज आहे, उद्या नाही. झाकणावर किती दिवस बसू?”

“आणि मी गप्पच राहिलो असतो तर?”

“तर अजून जेवत असतो,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी शिष्याने कळ पुसली आणि तार पुन्हा तिच्या जागी जोडली. मालक शिडी धरून खाली उभे होते. नंतर खोलीत येऊन शिष्याने बटण दाबले तेव्हा दिवा विझलेलाच होता. दोघेही त्या अंधाऱ्या काचेकडे पाहत थांबले. व्हॉल्व्ह पुरता मिटला, तेव्हा कुठे ती हिरवी झाली.

हुकूम देणाऱ्या प्रत्येकाने तेवढे थांबावे, आणि ‘अजून झालं नाही’ म्हणणाऱ्याची तार कधी तोडू नये.