बांबरवाडीचा चौकोन

एकदा एक शिष्या आपला नकाशा घेऊन वृद्ध गुरूंच्या दारी आली. गुरू म्हणजे आमच्या शेजारचे आबा हेगिष्टे. सारा जन्म नकाशे काढण्यात आणि शिकवण्यात गेलेला. शिष्या शाल्मली. मी आपली वाटी परत करायला गेले होते आणि दाराशीच रेंगाळले. आबा म्हणाले, “वहिनी, ऐकायचंच आहे तर बसून ऐका.” मग बसले.

पाझर तलावासाठी जागा निवडायची होती. शाल्मलीने संगणकावर सारा मुलूख बारीक चौकोनांत मांडला होता. प्रत्येक चौकोनाला उताराचे गुण, मातीचे गुण, पाण्याच्या ओघाचे गुण. वस्तीचे गुणही तसेच, घरं असतील तिथे शून्य. मग थरावर थर ठेवून बेरीज. सर्वांत जास्त गुण पडले ते नेमके बांबरवाडीला, जिथे माणसं नांदतात. उद्या नकाशा मंजुरीला जायचा होता, आणि तसाच गेला तर वाडी पाण्याखाली. बेरीज तर कुठेच चुकत नाही, असं ती रडवेली होऊन सांगत होती.

आबांनी पेटीतून जुने पारदर्शक कागद काढले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवले. किती वर्षांनी ती काच अशी भरली! पूर्वी संगणक नव्हते तेव्हा त्यांचे विद्यार्थी असेच कागद लावून उजेडात उभे असत, आणि गल्लीतून जाताना आम्हा बायकांना निळ्या नद्या उलट्या वाहताना दिसत.

मग आबांनी एका कागदावर, बांबरवाडीच्या जागी, काळी शाई फासली. “आता यावर हवे तेवढे कोरे कागद लाव, आणि इथून उजेड आणून दाखव.”

तिने लावले. डाग काळाच राहिला.

आबा शांतपणे म्हणाले, “बेरजेत शून्याला कुणी विचारत नाही, पोरी. बाकीचे गुण त्याला झाकून टाकतात. काही गोष्टी गुण देण्याच्या नसतातच, त्या होय किंवा नाही एवढ्याच असतात. वस्तीला शून्य दे, मोकळ्या रानाला एक, आणि सगळी बेरीज त्याने गुणून टाक. रान होतं तसं राहील. वाडीपाशी मात्र हिशेब थांबेल.”

शाल्मलीने तिथेच, सोबत आणलेल्या संगणकावर गुणाकार केला. वाडीवरचा जास्त गुणांचा गडद रंग गेला आणि वरच्या अंगाची एक ओसाड घळ पुढे आली. इथे पाणी कमी साठेल, असं ती पुटपुटली.

“साठू दे की कमी,” आबा म्हणाले.

तिने मंजुरीच्या नकाशावर घळीची खूण केली. जिथे कुणाचं घर जाणार असेल, तिथे बाकीचे फायदे मोजत बसू नये.