उंबरठ्यावर राहिलेली बाहुली

चैत्र वद्य पंचमी, बुधवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन पहिल्या प्रहरातच तापलेले.

एका राज्यात त्या दिवशी सगळ्या सावल्या नाहीशा झाल्या.

राज्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. राजाचे नाव अजयपाल. तिथे अशी रीत होती की कोणी थोर माणूस मेला की त्याची चामड्याची बाहुली कापायची आणि ती पांढऱ्या पेटीत ठेवायची. कोणी दुष्ट मेला तर त्याचीही बाहुली कापायची, पण ती काळ्या पेटीत. दर वर्षी अक्षय्य तृतीयेला पडदा बांधत, मागे मशाल लावत आणि बाहुल्यांच्या सावल्या नाचवून राज्याची सगळी कथा सांगत. पांढऱ्या पेटीतले उजवीकडून येत, काळ्या पेटीतले डावीकडून. कोणाला हात जोडायचे आणि कोणाच्या नावाने बोटे मोडायची, हे लहान पोरालाही बाजू पाहून कळे.

या पेट्या सांभाळणारा माणूस म्हणजे केरोबा. वय पन्नाशीचे, स्वभाव सावकाश. बाहुली कापताना मिशीचा एक केस चुकला तरी तो कातडे टाकून देई आणि नवे भिजत घाली. त्याच्या पेटीघराच्या भिंतीवर पहिल्या पेटीकाराने तीन नियम कोरले होते. पहिला, बाहुली तीन सूर्यास्त पेटीबाहेर राहिली तर ती राज्यातल्या सावल्या घेऊन जाईल. दुसरा, निवाडा होईना तर खोटे न बोलणाऱ्या तिघांना विचारावे. दगडाला, पाण्याला आणि झाडाला. तिसरा, भांडणारे वेगळे ठेवावेत.

फाल्गुनात धुंडा नावाचा मांत्रिक म्हातारा होऊन मेला. केरोबाने महिनाभर खपून त्याची बाहुली कापली, रंगवली आणि ती हातात धरून दोन पेट्यांच्या मध्ये उभा राहिला. उभाच राहिला. मग ती त्याने उंबरठ्यावर ठेवली. उद्या पाहू म्हणाला, परवाही तेच म्हणाला. तिसरा सूर्यास्त झाला.

त्याचे कारण असे. बारा वर्षांपूर्वी शत्रूचे सैन्य डोंगरातल्या खिंडीत शिरले होते. धुंडाने मंत्र टाकून डोंगराचा कडा खिंडीत पाडला. सैन्य गाडले गेले, नगर वाचले. पण कड्याखाली एक वाडीही गाडली गेली. तीत सत्तावीस माणसे होती. सत्ताविसावा केरोबाचा थोरला भाऊ राणू, खिंडीचा राखणदार. राणूने मरतामरता नगारा वाजवून नगराला सावध केले, असे सगळे सांगत. त्याची बाहुली केरोबाने स्वतःच्या हाताने कापून पांढऱ्या पेटीत ठेवली होती.

आता धुंडा थोर की दुष्ट? काळ्या पेटीकडे हात गेला की केरोबाला वाटे, हा न्याय नव्हे, भावाचे दुःख आहे. पांढऱ्या पेटीकडे गेला की वाटे, हाही न्याय नव्हे, आपल्याला न्यायी म्हणवून घेण्याची हौस आहे.

सावल्या गेल्या आणि ऊन छपरांतून खाली येऊ लागले. झाडाखाली आणि माळावर सारखेच तापे. म्हशी आटल्या. तान्ह्या मुलांना आया ओल्या फडक्यात गुंडाळून बसल्या, तरी दोन मुले दगावली.

राजाने केरोबाला बोलावले.

“अक्षय्य तृतीयेच्या दुपारपर्यंत बाहुली योग्य पेटीत गेली पाहिजे,” राजा म्हणाला. “चुकीच्या पेटीत गेली तर?”

“सावल्या परत येणार नाहीत, महाराज.”

“मग या राज्यात माणूस राहणार नाही. दुसरा नियम वापर. जा.”

केरोबाने बाहुली फडक्यात बांधली आणि खिंडीची वाट धरली. वाटेत उघड्या माळावर एक टिटवी पाय फाकून, पंख अर्धे पसरून उभी होती. खाली चार अंडी.

“पेटीकार,” टिटवी म्हणाली, “मी तेरा दिवस या अंड्यांवर सावली धरून उभी आहे, आणि परवापासून माझ्याखाली सावलीच नाही. हे तुझे काम ना?”

“माझेच.”

“निदान कबूल तरी करतोस. डबक्यात पोट भिजवून येते तोवर इथे उभा राहा. मग मीही येऊन-जाऊन तुझ्याबरोबर असेन. तुझ्यासारख्याला एकट्याला सोडले तर तू वाटेतच विचार करत बसशील.”

ती पोट भिजवून आली, अंड्यांवर बसून ती ओली केली आणि त्याच्याबरोबर निघाली.

खिंडीत पडलेला कडा अजून तसाच होता. केरोबाने हात जोडले.

“बारा वर्षे पाठ खाजते आहे,” कडा म्हणाला. “वाळलेले शेवाळ नखांनी खरवड. मग विचार.”

केरोबा दोन दिवस खरवडत राहिला. दहा बोटांतून रक्त आले. मग त्याने विचारले, “खाली माणसे आहेत, हे धुंडाला ठाऊक होते का?”

“ठाऊक होते. माझ्या माथ्यावर उभे राहून त्याने ती बोटांवर मोजली. सत्तावीस. मग मंत्र टाकला.”

केरोबा खाली बसला. “मग काळीच.”

“चेहरा तर हलका झाल्यासारखा दिसतो तुझा,” टिटवी म्हणाली.

“झालाय.”

“म्हणूनच दुसऱ्याला विचार.”

खिंडीखाली एक झरा होता. तो म्हणाला, “माझी आठवण उताराने वाहून गेली. खालच्या डोहातून घागर भर आणि वर उगमावर आणून ओत. बारा वर्षांच्या बारा घागरी.”

चढण उभी, डोक्यावर नुसते ऊन. केरोबाने तीन दिवसांत बारा घागरी नेल्या. बारावी ओतली तसा झरा बोलला.

“धुंडा आदल्या संध्याकाळी वाडीत आला होता. उद्या कडा पडेल, निघा म्हणाला. कोणी निघाले नाही.”

“का?”

“त्याने त्यांना तीनदा फसवले होते. एकदा खोटे ताईत दिले, एकदा पावसाचा मंत्र म्हणून नुसता धूर केला, एकदा कोणाची तरी कोंबडी पळवली. चौथ्यांदा खरे बोलला ते त्यांना ओळखू आले नाही. मग तो राखणदाराकडे गेला. पहाटे नगारा वाजव म्हणाला. नगाऱ्यावर विश्वास ठेवतील, माझ्यावर नाही.”

“आणि राणूदादाने वाजवला,” केरोबा म्हणाला.

“राखणदाराने नगाऱ्याचे टिपरू उचलले. नगारा वाजवला नाही.”

केरोबाला वाटले आपण नीट ऐकले नाही. त्याने पुन्हा विचारले. झऱ्याने पुन्हा तेच सांगितले.

“का वाजवले नाही? घाबरला का? की नगारा वाजला तर सैन्य सावध होऊन मागे फिरेल, असे त्याला वाटले? की त्याचाही विश्वास बसला नाही?”

“मी पाणी आहे. मला हात दिसला. हाताच्या मागचे दिसले नाही.”

“पण नगरात सगळ्यांनी नगारा ऐकला.”

“कडा पडताना आवाज होतोच की,” झरा म्हणाला, आणि पुन्हा वाहू लागला.

केरोबा बराच वेळ फडके सोडून धुंडाच्या बाहुलीकडे पाहत बसला. एक डोळा, एक हात, वाकडी काठी. सगळे आपणच कापलेले.

“आता पांढरी का?” टिटवीने विचारले.

“मला काही कळत नाही.”

“चल, तिसऱ्याकडे. माझी अंडी उकडताहेत.”

धुंडा जिथे शेवटची बारा वर्षे राहिला होता, तिथे त्याने लावलेली करंजाची सत्तावीस झाडे होती. ती एका आवाजात बोलत. “आम्ही कोणाच्या नावाने लावलेलो आहोत ती नावे घे. मग विचार.”

केरोबाने राणूचे नाव घेतले. मग आठवून आठवून आणखी दहा. पुढे थांबला. बाहुली एकट्या राणूचीच कापलेली होती. बाकीच्यांची नावे आठवायचे त्याला कधी काम पडले नव्हते. झाडांनी उरलेली सोळा सांगितली. केरोबाने ती पाठ करायला घेतली. पहिल्या दिवशी पाच चुकली, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एकही नाही.

“धुंडाला पश्चात्ताप झाला का?” त्याने विचारले.

“तो रोज आम्हाला पाणी घाली आणि एकेकाला नावाने हाक मारी.”

“म्हणजे झाला.”

“पण सावलीला कोणी बसले की म्हणे, ही जागा भरलेली आहे. तीन वाटसरू उठले नाहीत. त्यांची त्याने साळिंदरे केली. ती पलीकडे बिळात राहतात. त्यांची बायकामुले अजून वाट पाहतात.”

बिळातून तीन साळिंदरांनी तोंडे बाहेर काढली आणि आत घेतली.

परत येताना केरोबा भावाच्या नगरातल्या घरी थांबला. राणूची विधवा तुळसावहिनी ओले फडके डोक्यावर घेऊन दळत होती. बाहुल्यांच्या खेळाच्या दिवशी पहिल्या चटईवरची मधली जागा तिची असे. राजा स्वतः तिला हाताने तिथे नेई.

“भाऊजी, बोटांना काय झालं?”

“खरवडली. वहिनी, एक वाईट बोलायचंय. दादाने नगारा वाजवला नव्हता.”

जाते थांबले नाही. “ठाऊक आहे.”

“कसं?”

“त्या पहाटे मी अंगणात सडा घालत होते. जे ऐकलं ते नगाऱ्यासारखं नव्हतं. त्यांचा हात मला ओळखू येत नाही होय? पण सगळे वाजला म्हणाले, मग मीही म्हणाले. बारा वर्षं म्हणतेय.”

“का वाजवला नसेल?”

“मलाच विचारताय? मी रोज नवं कारण काढते. रात्रीच्या भाकरीपर्यंत तेही पटेनासं होतं.”

“मी खरं सांगितलं तर तुमची जागा जाईल.”

“मागच्या चटईवरूनही पडदा दिसतो,” तुळसावहिनी म्हणाली. मग जात्यात मूठभर दाणे टाकून, “उंचीनं कमी आहे मी. पुढं कोणी पागोटेवाला बसवू नका म्हणजे झालं.”

वैशाख शुद्ध तृतीया. आभाळ पांढुरके, वारा नाही, दरबारातही डोक्यावर ऊन. दोन्ही पेट्या मधोमध आणून ठेवल्या होत्या.

“काळी की पांढरी?” राजाने विचारले.

केरोबाने तिघांकडून ऐकलेले सगळे, न वाजलेल्या नगाऱ्यासकट, सांगितले. “महाराज, तिघांनीही खरे सांगितले. माझा गोंधळ वाढला.”

सिंहासनाच्या पाठीवर बसलेली टिटवी म्हणाली, “पेटीकार, तिसरा नियम काय आहे? अर्थ नको. शब्द सांग.”

“भांडणारे वेगळे ठेवावेत.”

“यात थोर कुठे आहे? दुष्ट कुठे आहे?”

 तीस वर्षे तो नियम केरोबाने रोज वाचला होता, आणि वाचताना दर वेळी थोर-दुष्ट हे शब्द स्वतःच घातले होते. त्याच्या बापाने तसेच केले होते, आणि राजाच्या बापानेही.

त्याने धुंडाची बाहुली पांढऱ्या पेटीत ठेवून झाकण लावले. लगेच आत खडखडाट सुरू झाला. राजाचा बाप महीपाल याची बाहुली ओरडत होती, “खिंडीचा विजय माझा आहे. याला बाहेर काढा.” राजाने मान खाली घातली. केरोबाने धुंडाला काढून काळ्या पेटीत ठेवले. तिथे शत्रूच्या सेनापतीच्या बाहुलीने त्याची काठी धरली. “माझी चार हजार माणसे,” ती म्हणत राहिली.

“दोन्हीकडे भांडण,” राजा म्हणाला. “आता?”

केरोबाने पांढरी पेटी पुन्हा उघडली आणि राणूची बाहुली बाहेर काढली. दरबारात कुजबुज उठली. त्याने ती धुंडाच्या बाहुलीशेजारी जमिनीवर ठेवली. सगळे कान देऊन उभे राहिले. एकाला सत्तावीस माणसे ठाऊक होती, दुसऱ्याच्या हातात टिपरू होते. एकमेकांचा गळा धरतील, असे सगळ्यांना वाटले.

काही आवाज झाला नाही.

“केरोबा, तुझ्या भावाला तू पांढऱ्या पेटीतून काढतो आहेस,” राजा म्हणाला. “कळते आहे ना?”

“नीट कळत नाही, महाराज. पण काढतो आहे.”

गर्दीतून तुळसावहिनी पुढे आली, घरून भाकरी बांधून आणलेली वेताची करंडी तिने रिकामी केली आणि पुढे धरली. “ही तिसरी पेटी,” केरोबा म्हणाला. त्याने तिच्यात दोन्ही बाहुल्या ठेवल्या, मध्ये सुती कापड घातले आणि झाकण बांधले.

सावल्या मध्यान्ही परत आल्या. प्रथम टिटवीची आली, मग खांबांची, मग माणसांची.

धुंडाला जागा मिळाली तशी तीन साळिंदरांची माणसे झाली आणि ती आपापल्या घरी गेली. त्या वर्षीच्या खेळात धुंडा आणि राणू पडद्याच्या मध्यावर खालून वर आले. लोकांनी हात जोडले नाहीत, बोटेही मोडली नाहीत. तुळसावहिनी तिसऱ्या चटईवर बसली. पांढऱ्या पेटीत चाळीस बाहुल्या राहिल्या, काळ्या पेटीत तेहेतीस, करंडीत दोन. केरोबाने वाडीतल्या उरलेल्या सव्वीस जणांच्या बाहुल्यांसाठी कातडे भिजत घातले. टिटवीच्या चार अंड्यांतून तीन पिल्ले निघाली.