नर्स आणि पान्हा

“नर्स म्हणजे नेमकी कोण?” म्हाळूबाबांनी विचारलं.

समोर प्रोफेसर हेरंब सोमण बसले होते. शहरातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. बायको बाळंतपणात गेली. पाच महिन्यांची लेक नर्सवर सोपवून ते माळावर आले होते. मला शिष्य करा, इथंच ठेवून घ्या, एवढंच त्यांचं मागणं.

म्हाळूबाबा म्हातारे धनगर. मेंढरं राखायचे. लांबलांबचे लोक त्यांना गुरू मानत.

“दवाखान्यातली बाई, एवढंच लोकांना माहीत,” सोमण म्हणाले. “शब्द फार जुना आहे, बाबा.”

“मग सांगा की. आम्ही कुठं कालिजात जाणार आता!”

सोमण खुलले.

“आधी नर्स म्हणजे दुसरीच्या लेकराला अंगावर पाजणारी दाई. मग नुसती सांभाळणारीसुद्धा नर्स झाली. मग आजाऱ्याची सेवा करणारी. पोळ्यातल्या अळ्यांना भरवणारी मधमाशी, तीही नर्स. रोपं वाढवतात ती नर्सरी. मनात राग जपून ठेवला, तरी इंग्रज हाच शब्द वापरतो. पेल्यातली दारू घोट घोट पुरवून प्यायली, तरी हाच.”

“रागालाबी पाजायचं?” बाबा हसले. “खरं हाय. तसाच तर वाढतो.”

“त्याच्या मागं लॅटिन. तिथं अर्थ दूध पाजणं, पोसणं. आणि त्याच्याही मागं…” सोमणांचा आवाज आपोआप खाली आला. “पंडित म्हणतात, फार पूर्वी एकच मूळ होतं. झरणं, पाझरणं. त्याची एक फांदी तिकडं गेली, तिची नर्स झाली. एक इकडं संस्कृतात आली. तिचा मराठीत झाला पान्हा.”

बाबांनी दोन्ही हात जोडले.

“पान्हा अन् नर्स… एका आईची लेकरं?”

“हो.”

“केवढ्या लांब गेलं दूध…”

बाबांनी सोमणांकडं पाहिलं.

“लेकीचं नाव काय ठेवलं?”

सोमणांनी मान खाली घातली.

“अजून… नाही ठेवलं. मी उचललं की ती अंग ताठ करते, बाबा. किंचाळते. नर्सकडं गेली की गप्प. तिथं माझं काही काम नाही.”

बाबा उठले. शेजारच्या वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, एक मेंढी होती. तिचं कोकरू सकाळीच मेलं होतं. कोपऱ्यात दुसरं एक कोकरू थरथरत होतं. त्याची आई मेली होती.

“धरा ते पोरकं. लावा हिला.”

सोमणांनी खिशातून रुमाल काढला. कोकराच्या अंगावरची घाण पुसली. मग बोटांच्या टोकांनी उचलून कासेला लावलं.

मेंढीनं शेपटाकडं हुंगलं. अशी धडक दिली की कोकरू कोलमडलं.

“पाहिलंत? जनावरालाही परकं कळतं.”

“कळणारच. अत्तराचा वास आला तिला. हात करा.”

बाबांनी मेंढीच्या सडाची धार काढली, सोमणांच्या ओंजळीत.

“चोळा. पाठीला, पोटाला, शेपटाखाली. लाजता काय? हे घ्या मीठ, तेबी चोळा, म्हणजे चाटंल ती.”

सोमणांनी बाह्या वर केल्या. दूध, लेंड्या, लोकरीचा चिकटा, सगळं कोपरापर्यंत आलं.

मेंढीनं पुन्हा हुंगलं. पाय आपटला. पुन्हा हुंगलं… मग जीभ बाहेर आली. एकदा चाटलं. थांबली. परत चाटलं. मग चाटतच राहिली. तिच्या घशातून कसलासा हळू आवाज निघाला, जणू कुणाला हाक मारावी.

कोकरू खाली शिरलं. शेपूट हलू लागलं.

दुसऱ्या सडाला कुणी हात लावला नव्हता. त्यातून दूध आपसूक ठिबकायला लागलं.

“बाबा…”

ज्या मुळापर्यंत सोमण पोथ्या चाळत पोचले होते, ते त्यांच्यासमोर मातीत थेंब थेंब पडत होतं. ते गुडघ्यावर बसले. एवढा शिकलेला माणूस, पण तोंड उघडं ते उघडंच.

मग त्यांनी विचारलं, “मला शिष्य करणार ना?”

बाबांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

“लेकीनं टाकलेली दुधाची गुळणी इथं वाळली, की या.”