वावटळीची सुरगाठ

एका राज्यात राजाचा घोडा बांधायला कोणी धजत नसे. घोड्याचं नाव वावटळ. कपालधर मांत्रिकानं त्याला शाप दिला होता : हा बांधलेला सुटला, की बांधणारा दगड होईल. तीन भयं सोसून हा शांत उभा राहील, तेव्हाच दगडांची माणसं होतील. पागेसमोर घोड्यांची निगा राखणारे कितीतरी मोतद्दार दगड होऊन उभे होते, तोंडं उघडी आणि मुठी आवळलेल्या. शेवटचा दगड हैबती. त्याची बायको सगुणा त्याला सोडवायला आली होती.

पागेच्या आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "बाई, मागं फिर. घोडा भ्याला की हे मोतद्दार गाठ आवळत. गाठ आवळली की तो आणखी भिई."

सगुणा फिरली नाही. तिनं दोर नुसताच खुंटाभोवती घातला, गाठ मारलीच नाही. वावटळ मागं ओढे तेव्हा ती दोर सैल सोडी, पुढं येई तेव्हा त्याची मान खाजवी. दोर गळा धरत नाही हे घोड्याला उमगलं, तशी तिनं सुरगाठ मारली.

"ही तर एका हिसक्यानं सुटेल!" राजा ओरडला. राजा शूर खरा, पण उभा होता दाराआड.

"सुटेल, महाराज. म्हणूनच तो ओढणार नाही."

पहिलं भय आलं ते वाऱ्याचं. पागेचं छप्पर उडालं. घोडा थरथरला, उभा राहिला. दुसरं भय वाघाचं. वाघ दिसला नाही, त्याचा उग्र वास तेवढा अंगणभर फिरला. घोड्याला घाम फुटला, सगुणेलाही. तरी तो उभा राहिला.

मग सगळं शांत झालं आणि दगडांच्या घशात अडकलेल्या किंकाळ्या एकदम बाहेर पडल्या. त्यांत हैबतीची हाक होती.

"सगुणे, गाठ आवळ! गाठ आवळ!"

आवाज त्याचाच होता, त्यात खोट नव्हती. वावटळ मागं सरला, दोर ताणला, गाठ सरकू लागली. सगुणेचे पाय घोट्यापर्यंत थंड पडले, दगड झाले. हात आपसूक दोराकडे गेले. तिनं ते पाठीमागं नेऊन एकमेकांत गच्च धरले आणि ती घोड्याला नुसतं म्हणाली, "हो बाळा, हो. उभा राहा."

गाठीचा शेवटचा पदर उरला होता. वावटळीनं लांब श्वास सोडला, एक पाऊल पुढं टाकलं, मान खाली घातली. दोर सैल पडला.

शाप फिटला आणि तिकडं डोंगरात कपालधर मांत्रिकाची गुहा त्याच्यावरच कोसळली. दगड हलले, माणसं रडू लागली, राजा दाराबाहेर आला.

हैबती धडपडत सगुणेपाशी आला. "मी एवढ्या हाका मारल्या. ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.